खुर्चीतून उठताना कंबर धरते

प्रश्न: दिवसभर बैठं काम. उठल्यावर दोन मिनिटं सरळ उभं राहता येत नाही. शेक घ्यावा की बर्फ?

उत्तर १: आखडलेल्या कमरेला शेकच बरा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं. पिशवीवर झोपू नका, कातडी भाजते. पण खरी खोट बसण्यात आहे. दर अर्ध्या तासाला उठा. टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खोलगट भागात ठेवा, वर सरकली तर उपयोग शून्य.

उत्तर २: अंथरुणाला खिळून राहू नका, पाठ आणखी ताठरते. वजन उचलताना गुडघे वाकवा, वस्तू पोटाशी धरा. उचलता उचलता कमरेतून वळलात की लचक भरलीच म्हणून समजा.

उत्तर ३: जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर शेकबिक सोडून ताबडतोब रुग्णालय गाठा.