मदत हवी: इंग्लिश पबमधलं रविवारचं शाकाहारी जेवण (तातडीचं)

गवारशेंग
परवा रविवारी सासू-सासऱ्यांना पबमध्ये जेवायला न्यायचंय. एकूण चौघं. ते दोघं शाकाहारी, अंडंही चालत नाही. मेन्यूवर हिरवा 'व्ही' (शाकाहारी खूण) असतो, पण सासूबाईंचा त्यावर विश्वास नाही आणि आता माझाही उडत चाललाय. नेमकं काय विचारायचं? "घरीच करा" किंवा "इंडियन रेस्टॉरंटला जा" कृपया सांगू नका. सासऱ्यांना पबच बघायचाय.

पोटोबा
कुठल्या गावी? बुकिंग झालंय का? संडे रोस्ट (रविवारचं भाजलेल्या मांसाचं पारंपरिक जेवण) साधारण १२ ला सुरू होतं ते ४-५ पर्यंत, किंवा संपेपर्यंत. त्यातल्या शाकाहारी नट रोस्टच्या (सुक्या मेव्याच्या भाजलेल्या) वड्या मोजून केलेल्या असतात, उशिरा गेलात तर हमखास संपलेल्या. साडेबाराचं टेबल घ्या आणि दोन शाकाहारी ताटं बुकिंग करतानाच सांगून ठेवा.

गवारशेंग
लीड्सजवळ. बुकिंग नाही. प्रश्न काय विचारायचे ते सांगा ना.

उत्तरेकडचा
लीड्स म्हणजे यॉर्कशर, बीफ ड्रिपिंगचा (गाईच्या वितळवलेल्या चरबीचा) मुलूख, तेव्हा पहिला प्रश्न चरबीचा. भाजलेले बटाटे कुरकुरीत व्हावेत म्हणून ट्रेमध्ये चरबी धुरावेपर्यंत तापवून त्यात टाकतात. ती गाईची, बदकाची नाहीतर हंसाची. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच मोठा ट्रे असतो, त्यामुळे आयत्या वेळी "आमचे वेगळे काढा" म्हणून उपयोग नाही. यॉर्कशर पुडिंगही (रोस्टबरोबरचा फुगलेला खारा पदार्थ) त्याच चरबीत, वर त्यात अंडं असतंच. लाल कोबीत बदकाची चरबी आणि ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये बेकनचे तुकडे असू शकतात. चिप्ससुद्धा इकडे बऱ्याच ठिकाणी ड्रिपिंगमध्येच तळतात.
"इज इट व्हेजिटेरियन?" असं विचारू नका, बारवरचा पोरगा सवयीनं "येस" म्हणतो. "बटाटे कशात भाजता?" असं विचारा. मग त्याला आत जाऊन शेफला विचारावंच लागतं.

लोणकढी
त्यापेक्षा सरळ व्हीगन रोस्ट मागा. अंडं, ड्रिपिंग, चीजमधलं रेनेट (दूध विरजवणारं, वासराच्या पोटातून काढलेलं), सगळे प्रश्न एका शब्दात मिटतात. नुसत्या 'व्ही'वाल्या नट रोस्टमध्ये अंडं बऱ्याचदा बांधणीला असतं, आणि मशरूम वेलिंग्टनच्या (पेस्ट्रीत गुंडाळून भाजलेले मशरूम) पेस्ट्रीवर अंड्याचा हात फिरवलेला असू शकतो.

पोटोबा
व्हीगन म्हटलं की कॉलीफ्लॉवर चीज गेलं, बटर गेलं. दूध चालणाऱ्या माणसाला उगाच उपाशी का ठेवायचं? अॅलर्जीचा तक्ता मागा. १४ घटकांची माहिती देणं इथं कायद्यानं बंधनकारक आहे. अंड्याची ओळ बघा, काम झालं.

उत्तरेकडचा
अर्धंच झालं. तक्त्यात अंडं दिसेल. चीज सॉसच्या रांगेत 'मासे' या रकान्यात खूण दिसली तर दचकू नका, बहुधा वूस्टर सॉस आहे, त्यात अँकोव्ही (छोटे मासे) असतात, म्हणजे तो सॉस बाद. पण गाईची चरबी, जिलेटिन आणि रेनेट त्या १४ मध्ये येतच नाहीत. ड्रिपिंगमधला बटाटा तक्त्यावर अगदी कोरा, निष्पाप दिसतो. पार्मेझान तर कायम वासराच्या रेनेटचंच, आणि त्याच्यापुढे खूण फक्त दुधाची.

मिसळपाव_उत्तर_ध्रुव
ड्रिग्लिंग्टनचं प्रशाद बघा. पूर्ण शाकाहारी, गुजराती पद्धतीचं.

गवारशेंग
माझ्या पहिल्या पोस्टची शेवटची दोन वाक्यं वाचलीत का?

लोणकढी
एक उलटी गोष्ट सांगते, पटणार नाही. चांगला गॅस्ट्रोपब (जेवणासाठी नावाजलेला पब) शोधू नका. जिथं सगळं हातानं करतात तिथंच चरबी, मटणाचा स्टॉक आणि हाडांची ग्रेव्ही. साध्या पबमधले बटाटे फ्रोजन, बहुतेकदा वनस्पती तेलातले, आणि ग्रेव्ही डब्यातल्या दाण्यांची (गरम पाण्यात ढवळायच्या ग्रॅन्यूल्सची, शेंगदाण्यांची नव्हे). खोक्यावर घटक छापलेले असतात, ते वाचून दाखवा म्हणायचं.

उत्तरेकडचा
आणि चव? दाण्यांची ग्रेव्ही आणि फ्रोजन बटाटा यासाठी माणशी १५ पौंड? त्यात कार्व्हरी असेल तर मांस आणि भाज्या एकाच काउंटरवर, चमचे इकडचे तिकडे.

लोणकढी
कार्व्हरी म्हटलं नव्हतं मी.

बिनपाण्याचा_नळ
अवांतर: बिअर शाकाहारी असते असं सगळे गृहीत धरतात. कास्क एल (पिंपातली पारंपरिक बिअर) नितळ करायला आयझिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. गाळ त्याला चिकटून तळाशी बसतो. गिनेसनं हे काही वर्षांपूर्वी बंद केलं.

पोटोबा
कुणी विचारलं होतं?

गवारशेंग
खरंतर सासरे अर्धा पाइंट घेतात. म्हणजे काय मागायचं?

बिनपाण्याचा_नळ
'अनफाइन्ड' (असं काही घालून नितळ न केलेली) लिहिलेली मागा. गढूळ दिसेल, तशीच असते, परत करू नका.

गवारशेंग
बरं. एक राहिलं. आषाढी होऊन गेली, त्यामुळे सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही.

लोणकढी
अहो ताई! हे पहिल्या ओळीत हवं होतं. आता व्हीगन रोस्ट बाद. नट रोस्टमध्ये कांदा, स्टफिंगचं तर नावच सेज अँड अनियन, आणि दाण्यांच्या ग्रेव्हीत कांद्याची पूड.

उत्तरेकडचा
रोस्टचा नाद सोडा, 'साइड्स'मधून ताट जमवा. उकडलेले नवे बटाटे बटर घालून, वाफवलेले मटार-ब्रोकोली, तेलात भाजलेली गाजरं आणि पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंद). कॉलीफ्लॉवर चीजमध्ये नुसता मैदा, दूध, चेडर असेल तर उत्तम, पण दुधात कांदा उकळवून काढून टाकायची पद्धत आहे, तेव्हा विचारा. ग्रेव्हीच्या जागी मिंट सॉस. पुदिना, व्हिनेगर, साखर एवढंच त्यात. लँबसाठी ठेवलेला असतो, बटाट्यावर झकास लागतो.
फोन उद्या सकाळी ११ च्या आसपास करा. किचनमध्ये माणसं असतात आणि जेवणाची गर्दी नसते. रविवारी दुपारी फोन केलात तर कुणी धड बोलणार नाही.

पोटोबा
गोडाचं: स्टिकी टॉफी पुडिंगमध्ये अंडं, चीजकेकमध्ये जिलेटिन असू शकतं, जॅम रोली-पोलीत सूएट म्हणजे पुन्हा गाईची चरबी. अॅपल क्रम्बल घ्या, पीठ-बटर-साखर-सफरचंद. कस्टर्ड पावडरचं की ताजं, ते विचारा. बर्ड्सची पावडर बिनअंड्याचीच, १८३७ मध्ये ती निघाली तीच अंडं न सोसणाऱ्या बायकोसाठी. ताज्यात बलक असतो.

मिसळपाव_उत्तर_ध्रुव
तिकडे जाताच आहात तर सॉल्टेअर दाखवा सासऱ्यांना. टायटस सॉल्टनं गिरणी कामगारांसाठी वसवलेलं गाव, २००१ पासून जागतिक वारसा. गावात पब त्यानं होऊ दिला नव्हता.

गवारशेंग
(शनिवार) फोन केला. बटाटे बदकाच्या चरबीत. नवे बटाटे बटरमध्ये करून देतो म्हणाले. गाजर-पार्सनिप तेलात, पण वर मध. कॉलीफ्लॉवर चीजमध्ये कांदा नाही, मोहरी आहे. क्रम्बल आहे, कस्टर्ड पावडरचं. टेबल साडेबाराचं.

उत्तरेकडचा
मध चालतो का त्यांना, ते बघा. नाहीतर त्यांचा वाटा मध घालायच्या आधी काढायला सांगा, भट्टीतून निघताना ओततात.