शब्दचर्चा: बाप्तिस्मा ‘घेणार’ की झालाय?

टिळकवाडीकर: भाची मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) घरातली, तान्ही असतानाच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला. आता लग्नाआधी कॅथलिक होतेय. सासर खानापूरकडचं कोंकणी. त्या दिवशी घरी जेवण आहे, आमंत्रणाचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. सासरकडून आलेल्या कागदावर ‘बाप्तिस्मा, कुमसार आणि कुमगार’ असं आहे. पहिला शब्द खटकतो, उरलेले दोन कळत नाहीत.

घाटाखालचा: बाप्तिस्मा आधी खोडा की ओ! तो आयुष्यात एकदाच. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल तर कॅथलिक चर्च तो मानतं, पुन्हा देत नाही. फादर जुन्या चर्चचा दाखला मागतील. झाला की नाही याचीच खरी शंका उरली तरच ‘सशर्त बाप्तिस्मा’, म्हणजे ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसल्यास’ अशी सुरुवात करून.

शब्दवेडी: म्हणजे गडबड क्रियापदाची आहे. ‘घेणार’ म्हटलं की आधीचा फुकट गेला असं होतं. ‘धर्मांतर’ही नको, ती ख्रिस्तीच आहे. विधीत तिचा ‘स्वीकार’ होतो, पूर्ण सहभागितेत, म्हणजे कॅथलिक चर्चची पूर्ण सदस्य म्हणून. मला ‘स्वीकार’च आवडतो, जरा सरकारी वाटला तरी. बाकी बेळगावात एकाच संस्काराला किती नावं! मराठीत बाप्तिस्मा, कन्नडमध्ये दीक्षास्नान, आणि वसईकडचे मराठी कॅथलिक स्नानसंस्कार म्हणतात.

घाटाखालचा: कुमसार म्हणजे पापनिवेदन, पोर्तुगीज ‘कोंफेसार’वरून. कुमगार म्हणजे ख्रिस्तप्रसाद, मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) घेतात ती पवित्र भाकर, ‘कोमुंगार’वरून. मेथडिस्ट लोक प्रभुभोजन म्हणतात तो. आमच्या वहिनीही बाहेरच्याच पंथातल्या. पहिल्यांदा फादरसमोर गेल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, ‘फादर, मला कुमगार करायचाय, खूप पापं आहेत.’ फादर हसू दाबत म्हणाले, ‘बाई, आधी कुमसार.’ क्रमही तोच: स्वीकाराआधी कुमसार, मग त्याच मिस्सात दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद.

टिळकवाडीकर: दृढीकरणाला बिशप लागतात ना? मग तारीख त्यांच्या सोयीने धरायची का?

घाटाखालचा: एरवी बिशपच करतात. पण प्रौढ माणसाला स्वीकारणारा फादर त्याच वेळी दृढीकरणही देऊ शकतो, कपाळाला पवित्र तेल लावून. आणि ईस्टरचीच रात्र हवी असंही नाही. ती मुख्यतः बाप्तिस्मा न झालेल्यांची.

शब्दवेडी: ‘दृढीकरण’ कार्डावर छापा. लोकांना सिमेंटचं काम वाटलं तर वाटू दे.

टिळकवाडीकर: छापायला दिलं: ‘कॅथलिक चर्चमध्ये स्वीकार, दृढीकरण व पहिला ख्रिस्तप्रसाद’. कुमसार काढला. तो कुणाला जेवायला बोलावून करायचा प्रकार नव्हे.