मदत हवी आहे: ‘इंटरट्वाइन’साठी मराठी क्रियापद

ठाण्यात नौपाड्याला मॅक्रमेचा, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून वस्तू बनवण्याच्या कलेचा, वर्ग घेते. त्याची मराठी पुस्तिका लिहिताना ‘इंटरट्वाइन’पाशी अडलेय. ‘इंटर’ लॅटिन, म्हणजे परस्परांत. ‘ट्वाइन’ हा जुन्या इंग्रजीतला दुपेडी दोरा. ‘टू’शी (दोन) त्याचं नातं, म्हणजे आपल्या ‘द्वि’चाही लांबचा भाऊबंद! जोडशब्द मात्र १७व्या शतकातला.

‘गुंफणे’ म्हटलं की गजरा डोळ्यांसमोर येतो, ‘गुंतणे’ म्हणजे गुंता, ‘विणणे’त पीळ नाही. ‘पीळ देणे’ सर्वांत जवळचं, पण ते एकट्या दोरीलाही चालतं. ‘परस्परवेष्टित’सारखं जड नको, वर्गात आज्याही येतात.

दोन पेड एकमेकांभोवती वळतात, तरी वेगळे दिसतात, एवढं सांगणारं एखादं क्रियापद तुमच्याकडे दोर वळणाऱ्यांच्या तोंडी आहे का?