पावसाळी मुक्कामात ताडपत्रीसाठी पॅराकॉर्ड नको

कातळवाट : सह्याद्रीत पावसाळ्यात रानात मुक्काम करणाऱ्यांनी ताडपत्री ताणण्यासाठी पॅराकॉर्ड, म्हणजे मूळची पॅराशूटसाठीची बारीक दोरी, वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ही दोरी नायलॉनची असते. नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर अधिक लांबते, त्यामुळे संध्याकाळी घट्ट ताणलेल्या ताडपत्रीला मध्यरात्रीपर्यंत झोळ पडतो, त्यात पाणी साचते आणि त्या वजनाने झोळ वाढतच जातो. पॉलिएस्टरची ३ मिलिमीटर जाडीची दोरी पाणी जवळजवळ शोषत नाही, कमी लांबते आणि उन्हातही नायलॉनपेक्षा चांगली टिकते. सुमारे २५० किलो भार पेलणारी पॅराकॉर्ड ताडपत्रीला लागतेच कशाला?

रानगवा : असहमत. नायलॉनचे लांबणे हा दोष नव्हे. घाटमाथ्यावर वाऱ्याचा झोत आला की लांबणारी दोरी झटका पचवते, तर न लांबणाऱ्या दोरीत तोच झटका थेट ताडपत्रीच्या कडीवर येतो आणि ती तिथेच फाटते. दोरी सैलावली तर सरकती गाठ ओढून पुन्हा ताणता येते. शिवाय अस्सल पॅराकॉर्डच्या विणलेल्या आवरणाच्या आत किमान सात पेड असतात. अडचणीच्या वेळी ते सुटे करून फाटलेली सॅक शिवता येते. मात्र विकत घेताना टोक उसवून पेड पाहावेत, कारण त्याच नावाखाली नुसता भुसभुशीत धागा भरलेली दोरीही विकली जाते.

कातळवाट : झटक्याचा मुद्दा रास्त आहे, परंतु त्यासाठी कडीपाशी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा बांधला की पुरते. धो धो पावसात उठून गाठी ओढत बसणे हा झोळावरचा उपाय नव्हे. सॅक शिवायला सुईदोरा न्यावा.

वाखाची दोरी : दोघेही चुलीला विसरलात. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त दोरी १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून चुलीजवळच्या तिकाटण्याला, म्हणजे तीन काठ्या बांधून केलेल्या तिवईला, मी घायपाताच्या वाखाची दोरीच बांधते. ठिणगीने ती करपते, पण वितळून हातावर चिकटत नाही, आणि रानात राहिलीच तर कुजून जाते.

रानगवा : तिकाटण्यापुरते मान्य, ताडपत्रीसाठी मात्र तेवढ्याच ताकदीची वाखाची दोरी फार जाड आणि जड होते. यांपैकी कोणत्याही दोरीवर कातळटप्पा उतरताना शरीराचा भार टाकू नये. त्यासाठी गिर्यारोहणाचा प्रमाणित दोरच हवा.