मदत हवी आहे: मुलाचं अ‍ॅडेनॉइड आणि ग्रोमेटचं ऑपरेशन

नमस्कार मंडळी,
मुलगा सहा वर्षांचा. रात्री तोंड उघडं टाकून घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा दचकतो. टीव्हीचा आवाज रोज वाढत चाललाय. शाळेतून तक्रार, 'लक्ष देत नाही'. अहो, त्याला बाईंचं बोलणं नीट ऐकूच येत नाहीये!

ईएनटी डॉक्टरांनी टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा किती हलतो ते मोजणारी तपासणी) केली. दोन्ही कानांचा आलेख सपाट, म्हणजे पडद्यामागे चिकट पाणी साचलंय. तीन महिने थांबून पाहिलं, फरक नाही. आता पूर्ण भूल देऊन नाकाच्या मागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड काढायचे आणि पडद्यात ग्रोमेटच्या बारीक नळ्या बसवायच्या, असं ठरतंय. नळ्या बहुतेकदा वर्षभरात आपोआप गळून पडतात म्हणाले. सासूबाईंचा आग्रह लसणाच्या तेलाचा आहे. (घालणार नाहीये, निश्चिंत राहा.)

ज्यांच्या मुलांचं हे झालंय त्यांनी प्लीज सांगा: टॉन्सिल फार मोठे नाहीत, तरी डॉक्टर "लागलं तर तेही काढू" म्हणतात, तुमच्याकडे काय केलं? नळ्या असताना अंघोळ, पोहणं कसं सांभाळलंत? आणि कॅशलेसला डे-केअर चाललं की रात्रभर अ‍ॅडमिट राहावं लागलं? दिवाळीच्या सुट्टीत उरकायचा विचार आहे.