साईट उघडत नाही, पण बंदी आहे की बिघाड ते कोणीच सांगत नाही

धागाकर्ता

मंडळी, चार दिवस झाले मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच गोष्टीवरून भांडतोय, म्हटलं इथे विचारावं. मी रोज वाचतो ती एक बातम्यांची साईट अचानक उघडेनाशी झाली. चकरी फिरत राहते आणि शेवटी 'साईट सापडत नाही'. मला वाटलं राउटर गंडला, दोनदा बंद-चालू केला, मोबाइल डेटावर बघितलं, तिथेही तेच. मग दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या मित्राला सांगितलं तर त्याच्याकडे व्यवस्थित उघडतेय! कस्टमर केअरला फोन केला तर "सर, तुमच्या एरियात काही प्रॉब्लेम दिसत नाहीये".

भाऊ म्हणतो, सरकारने बंद केली असेल तर काहीतरी कारण असणारच, अफवा पसरून माणसं मरतात तेव्हा तुझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य कुठे जातं? त्याचं अगदीच चूक आहे असं मलाही म्हणवत नाही. पण मला बंदीपेक्षा हे जास्त लागलंय की बंदी आहे की नाही हेच कळायला मार्ग नाही. तर सरकारला किती अधिकार असावा, आणि निदान कळण्याचा तरी हक्क आपल्याला आहे का?

तारजोडणी

नेटवर्किंगमध्ये बरीच वर्षं आहे म्हणून आधी तांत्रिक सांगतो. तुम्ही साईटचं नाव टाइप केलं की ब्राउझर आधी डीएनएसला, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतो हिचा पत्ता काय, आणि कंपनीचा डीएनएस गप्प बसला किंवा खोटा पत्ता दिला की काम झालं. कोणी डीएनएसवर अडवतं, कोणी कनेक्शन सुरू होताना साईटचं नाव वाचून तोडतं, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, म्हणून तुमच्याकडे बंद आणि मित्राकडे चालू असं होऊ शकतं. आणि एचटीटीपीएसमुळे, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीमुळे, कंपनीला फार तर साईटचं नाव दिसतं, तुम्ही कुठलं पान वाचताय ते दिसत नाही, त्यामुळे एका लेखावर राग असला तरी सगळी साईटच जाते.

हे हत्यार किती बोथट आहे बघा. फेब्रुवारी 2008 मध्ये पाकिस्तानला यूट्यूब फक्त स्वतःच्या देशात बंद करायचं होतं, पण त्यांच्या टेलिकॉम कंपनीने टाकलेला चुकीचा रूट, म्हणजे डेटाने कुठल्या वाटेने जायचं ती सूचना, बाहेर पसरला आणि जगभरातल्या लोकांचं यूट्यूब साधारण दोन तास गेलं. रशियाने 2018 मध्ये टेलिग्रामच्या मागे लागून अॅमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडचे लाखो आयपी पत्ते ब्लॉक केले, ज्यांचा टेलिग्रामशी काही संबंध नाही अशा साईट झोपल्या, टेलिग्राम चालूच राहिलं, आणि 2020 मध्ये बंदी मागे घेतली.

कळण्याच्या हक्काबद्दल म्हणाल तर त्यासाठी नंबरसुद्धा ठरलेला आहे. पान नसेल तर 404 येतो ना, तसा कायदेशीर कारणाने अडवलं असेल तर 451 दाखवायचा, 2016 पासून हे स्टँडर्ड आहे, त्यात कोणाच्या मागणीवरून अडवलं तेही लिहिता येतं. वापरतं कोण? फार थोडे. बिघाडासारखं दिसलं की लोक राउटर बंद-चालू करत बसतात, तुम्ही केलंत तसं, आणि प्रश्न कोणी विचारत नाही.

सायली_२२

मी थोडं वेगळं बोलते. माझ्या एका मैत्रिणीचे फोटो मॉर्फ करून कोणीतरी टाकले होते. आम्ही दोघी रात्रभर जागून एकेक लिंक रिपोर्ट करत होतो, एक काढली की दोन नवीन, सकाळी तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचले. त्या रात्री मला कोणी अभिव्यक्तिस्वातंत्र्य सांगितलं असतं ना तर मी त्याचं ऐकून घेतलं नसतं. काही गोष्टी ताबडतोब बंद झाल्याच पाहिजेत, लहान मुलांच्या बाबतीत तर चर्चाच नको. अफवांचंही तेच. 2018 मध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याच्या फॉरवर्डवरून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने मारलं. त्यांच्या घरच्यांना काय सांगणार, माहितीचा मुक्त प्रवाह?

कलम_आणि_कागद

सायली, तुमच्या मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं, आणि ते काढलंच पाहिजे यात वादच नाही. पण फरक बघा, तिथे तक्रार करणारी बाई आहे, नेमकी लिंक आहे, काय चुकीचं ते सांगता येतंय. सरकारला न आवडलेल्या बातमीत यातलं काहीच नसतं. दोन्हीला एकच चावी लावली की तुमच्या मैत्रिणीच्या नावाने भलत्याचंच तोंड बंद होतं.

मी वकिली करते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं (1948) 19 वं कलम सांगतं की मत बाळगायचा आणि माहिती मिळवायचा, द्यायचा हक्क सगळ्यांना आहे, देशांच्या सीमा आड येऊ न देता. 1966 च्या नागरी हक्कांच्या करारात बंधनं मान्य आहेत पण अटी घालून: कायद्यात लिहिलेलं असावं, ठरावीक कारणासाठी असावं, खरंच गरजेचं असावं. आपल्या राज्यघटनेच्या 19(2) मध्येही कारणांची यादी आहे, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. त्या यादीत 'खोटं' हा शब्द नाही. सरकारबद्दलची माहिती खोटी की खरी ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार ही आयटी नियमांतली दुरुस्ती मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच तिला खोटी ठरवायचं, हे कसं चालेल?

आणि धागाकर्ते, तुमचा मुद्दा कायद्याच्या दुखऱ्या नसेवरच आहे. श्रेया सिंघल खटल्यात 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात आयटी कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं 66अ रद्द झालं पण ब्लॉकिंगचं 69अ टिकलं, आणि ते टिकवताना कोर्टाने म्हटलं की आदेशाची कारणं लेखी असतात, ज्याला मान्य नाही तो कोर्टात जाऊ शकतो. पण त्याच 69अ खालच्या ब्लॉकिंगच्या नियमांतला 16 वा नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई सगळं गोपनीय ठेवा. आता जो आदेश बघायलाच मिळत नाही त्याला आव्हान कुठल्या कागदावर द्यायचं? इंटरनेट शटडाउनबाबत अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट सांगितलं की आदेश प्रसिद्ध करा, बेमुदत बंदी चालणार नाही. मग तेच एका साईटला का नको?

जुनी_वाचक

मी फार टेक्निकल नाही पण हे वाचून राहवलं नाही. आणीबाणी लागली तेव्हा मी शाळेत होते, वडील एका दैनिकात प्रूफं तपासायचे. 28 जून 1975 ला इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. बाबांनी तो अंक जपून ठेवला होता, मला उघडून दाखवायचे, चारी बाजूंनी बातम्या आणि मध्ये नुसता पांढरा कागद, म्हणायचे "वाच, काय लिहिलंय?" आणि मला कळायचं. पण नंतर सेन्सॉरने फर्मान काढलं की कोरी जागासुद्धा सोडायची नाही. बाबा सांगायचे, मजकूर कापायचा आणि वर काहीतरी भरून पान नेहमीसारखं दिसलं पाहिजे, वाचणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. एखादी बातमी गेली याच्यापेक्षा या भरलेल्या जागेचं त्यांना जास्त लागायचं. तारजोडणींनी लिहिलेला तो 451 म्हणजे मला ती कोरी जागाच वाटली.

तारजोडणी

जुनी_वाचक, अगदी अगदी. सायलींच्या अफवांच्या मुद्द्यावर एवढंच की 2018 च्या त्या प्रकारांनंतर व्हॉट्सअॅपने फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, म्हणजे वेग कमी केला, तोंड नाही दाबलं. याउलट सगळं नेट बंद केलं की अफवेसोबत अफवा खोडणाराही बंद होतो. इजिप्तने जानेवारी 2011 मध्ये जवळजवळ अख्ख्या देशाचं नेट सुमारे पाच दिवस तोडलं, घरी बसून कळेना म्हणून लोक आणखी रस्त्यावर आले.

धागाकर्ते, एक करा, फोनच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून दुसरा कुठला सार्वजनिक टाका आणि उघडतेय का बघा.

सायली_२२

कलम_आणि_कागद, एकाच चावीचं पटलं. माझी मैत्रीण म्हणते की तिलाही कोणी लेखी उत्तर दिलं नव्हतं, लिंक काढली की नाही तेसुद्धा स्वतःच रोज जाऊन बघायला लागायचं. म्हणजे गप्प बसणं दोन्हीकडे सारखंच आहे.

धागाकर्ता

बदलला डीएनएस. उघडली! म्हणजे कंपनीच्याच डीएनएसवर अडतेय, साईटचा किंवा राउटरचा बिघाड नाही. भावाला फोन हातात देऊन दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "बंदी असू दे रे, पण मग कस्टमर केअरवाली प्रॉब्लेम नाही असं का म्हणाली?" आज दोघांनी बसून कंपनीला मेल लिहिलाय, कोणाच्या आदेशाने आणि कुठल्या कलमाखाली ते कळवा म्हणून, आणि उद्या माहिती अधिकाराचा अर्जही टाकतोय. कलम_आणि_कागद, गोपनीय म्हणून परत पाठवला तर अपिलात काय लिहायचं ते सांगाल का?

कलम_आणि_कागद

सांगते. नकाराचं पत्र मात्र जपून ठेवा. नुसतं 'सुरक्षेचं कारण' असं मोघम लिहिलं असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातलं नेमकं कुठलं उपकलम ते विचारा, आणि 8(2) चा उल्लेख करा, गुपित राखण्यापेक्षा माहिती देण्यात जनहित जास्त असेल तर ती देता येते. पहिल्या अपिलाला नकार मिळाल्यापासून 30 दिवस असतात. पत्र आलं की तुमचं नाव-पत्ता झाकून इथे टाका, मसुदा मिळून करू.