मदत हवी आहे : आरसी विमान समोरून येताना हात चुकतोय

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. दीड महिन्यापासून आरसी, म्हणजे रिमोटनं उडवायचं छोटं विमान, शिकतोय. फोमचं हाय-विंग ट्रेनर (पंख वरच्या बाजूला असलेलं, शिकाऊंसाठीचं विमान) आहे, पंख एक मीटर, चार चॅनल (रिमोटवरून चार गोष्टी हलवता येतात), ३ सेलची १३०० एमएएचची लायपो बॅटरी.

लांब जाताना विमान सरळ जातं. वळून माझ्याकडे तोंड केलं की डावं-उजवं उलटं होतं. जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला रिमोटची स्टिक द्यायची, हे पाठ आहे, पण ऐन वेळी हात उलटाच जातो. गेल्या रविवारी तसंच झालं आणि विमान उसात गेलं. डोक्याएवढा ऊस, पाती हाताला कापत होती. तासाभरानं सापडलं तेव्हा शेपूट मोडलेलं होतं.

शेपूट बांबूची कामटी आणि ग्लू गननं जोडलंय. आता थ्रॉटल दिला की नाक वर करून थांबतं आणि एका पंखावर कोसळतं. पंखाखाली बोटं धरून तोललं तर तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ८ सेंमीवर येतो. पंखाची रुंदी १८ सेंमी. म्हणजे ५ सेंमीच्या आसपास हवा ना? बॅटरी पुढे सरकवायला जागा नाही. नाकात वजन घालू, की शेपूट काढून हलकं जोडू?

दुसरं, उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यानं शहरालगत उडवायचं नाही असं ठरवलंय. राधानगरी किंवा गारगोटीकडे कुणी उडवतं का? बडी केबल (शिकवणाऱ्याचा आणि माझा रिमोट जोडणारी वायर) लावून शेजारी उभं राहून शिकवणारं कुणी असेल तर सकाळी सहाला, वारा सुटायच्या आत, सांगाल तिथं येईन.